मॅमथ, हत्ती आणि मामांचा कॅन

आज आधी एक कबुली देऊन टाकते. ऑगस्ट २०२३ मध्ये मी एका वेबसाइटसाठी एक कॉपी लिहिली होती. रात्रीचे साडेअकरा, डेडलाइन बाराची, आणि मास कॉम केलेल्या माणसाला अर्ध्या तासात कुठल्याही विषयातला एक्स्पर्ट होता येतं, हा माझा तेव्हाचा ठाम समज. हेडलाइन होती : 'वीजबिल विसरा! कोरियन शास्त्रज्ञांचा चमत्कार'.

आठवतंय ना ते प्रकरण? एलके-९९. तांबं मिसळलेला शिशाचा एक राखाडी-काळा तुकडा, लोहचुंबकावर अर्धवट तरंगणारा. दावा असा की, तो चक्क १२७ अंश सेल्सियसपर्यंत सुपरकंडक्टर आहे! सुपरकंडक्टर म्हणजे ज्यातून वीज काहीही वाया न जाता वाहते, असा पदार्थ. नेटवर सगळे वेडे झाले होते. मीही झाले. कॉपी सॉलिड चालली.

सकाळी दादाचा मेसेज. "वाचलं. तू लिहिलंयस?" बस्स. पुढे ना स्मायली, ना शिवी.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. पीएचडी धरून बारा वर्षं तो याच विषयात आहे. तांब्याच्या ऑक्साइडचे सुपरकंडक्टर्स. घरच्यांच्या भाषेत, 'तो विजेचं काहीतरी करतो'. लग्नकार्यात लोक त्याला इन्व्हर्टर बघायला बोलावतात. मी त्याची सख्खी आतेबहीण, त्यात पत्रकार! पण बारा वर्षांत 'तू नेमकं करतोस काय रे?' असं मी एकदाही विचारलेलं नव्हतं. विचारलं नाही ते नाहीच, वर त्याच्याच विषयावर चमत्कार छापून मोकळी झाले.

फोन केला तर म्हणाला, "दोन आठवडे थांबायचंस गं." खरंच तेवढ्यातच फुगा फुटला. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपासून जगभरातल्या प्रयोगशाळांनी तो तुकडा बनवून पाहिला. सुपरकंडक्टिव्हिटी कुठेच नाही. त्यातली भेसळ, म्हणजे तांब्याचं सल्फाइड, तापमान शंभरच्या थोडं वर असताना आपलं रूप बदलतं आणि रेझिस्टन्स एकदम खाली आल्यासारखा दिसतो, एवढीच ती जादू. याचा फॉलोअप माझ्याकडे कुणी मागितला नाही. आणि खरं सांगू? मीही दिला नाही.

तर हा आठवडा त्या फॉलोअपचा. उशीर झालाय, पण दादाच्या विषयात उशिराचं कुणाला काही वाटत नाही.

गेल्या विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, मामांच्या गावच्या शाळेत दादाने प्रयोग दाखवायचं कबूल केलं होतं. मी लटकले त्याच्यासोबत. मुंबईहून निघालो आणि एक्स्प्रेसवे लागायच्या आतच माझा क्लास सुरू झाला.

"तांब्याची तार म्हणजे संध्याकाळी सहाचा दादरचा पूल," दादा म्हणाला. इलेक्ट्रॉन निघतात, पण अणू आपल्या जागी थरथरत असतात. धडकत, खरचटत पुढे जायचं आणि ताकद उष्णतेच्या रूपात उधळायची. हा रेझिस्टन्स. १९११ साली नेदरलंड्समधल्या लायडनमध्ये कॅमरलिंग ऑनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला गेला आणि त्याचा रेझिस्टन्स गायब झाला. कमी नव्हे, गायब! अशा पदार्थाच्या कड्यात एकदा करंट सोडला की बॅटरी काढून घ्या, तो वर्षानुवर्षं फिरत राहतो.

हे असं का होतं, हे कळायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचं उत्तर मला गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीवरून समजलं. गर्दीतून एक जण घुसतो, त्याच्यामागे क्षणभर वाट मोकळी राहते, त्या वाटेने दुसरा सरकतो. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलणारे, पण आजूबाजूच्या अणूंच्या हालचालीमुळे त्यांची अशी जोडी जमते. मग अशा असंख्य जोड्या एका तालात चालायला लागतात आणि कुणी कुणाला धडकत नाही. फक्त गर्दीच धक्काबुक्की करायला लागली, म्हणजे तापमान वाढलं, की वाट लगेच बुजते आणि जोडी फुटते. म्हणून एवढी थंडी लागते. १९७३ पर्यंत रेकॉर्ड जेमतेम उणे २५० अंशांवर आलं होतं आणि पुढची तेरा वर्षं त्याला कुणी हात लावू शकलं नाही. बहुतेकांनी विषय संपला असंच धरलं होतं.

आणि मग आली कपबशी.

म्हणजे सिरॅमिक हो. विजेच्या खांबावर ते पांढरे इन्सुलेटर दिसतात ना, त्याच खानदानातलं. वीज अडवायला वापरतात ती वस्तू. पण झुरिकजवळ रुशलिकॉन इथल्या आयबीएमच्या लॅबमध्ये अ‍ॅलेक्स म्युलर आणि गेओर्ग बेडनोर्त्स या दोघांनी १९८३ पासून, फारसा गाजावाजा न करता, याच खानदानात सुपरकंडक्टर शोधायला घेतला. एक साठीकडे झुकलेला, दुसरा तिशीतला. दोन वर्षांहून जास्त काळ हाती शून्य. १९८५ च्या अखेरीला बेडनोर्त्सच्या वाचनात एक फ्रेंच पेपर आला. त्यात लँथॅनम, बेरियम आणि तांब्याचं एक ऑक्साइड होतं, पण त्या मंडळींचा उद्देश वेगळा होता. त्यांनी ते तेवढं थंड करून पाहिलंच नव्हतं! यांनी पाहिलं. जानेवारी १९८६ मध्ये रेझिस्टन्स कोसळायला लागला, तोही उणे २३८ च्या आसपास. तुम्हाला-मला उणे २५० काय आणि उणे २३८ काय, दोन्ही थंडच. पण जिथे एकेका अंशासाठी लोकांनी वर्षं घातली होती, तिथे ही मोठी उडी होती.

आता माझ्यासाठी गाडी थांबवावी असा मुद्दा. एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी एका जर्मन नियतकालिकाकडे पेपर पाठवला. त्याच्या शीर्षकातला पहिलाच शब्द 'पॉसिबल'. म्हणजे 'संभाव्य'. पुढच्याच वर्षी नोबेल मिळवून देणारा हा पेपर, आणि सुरुवात 'संभाव्य'ने! मी खिडकीबाहेर बघत 'वीजबिल विसरा'मधलं उद्गारचिन्ह आठवत बसले. दादा काही बोलला नाही. तो तेव्हाही टोमणा मारत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा टोमणा.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे निव्वळ मसाला. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेत पॉल चू आणि माव-क्वेन वू यांच्या गटांनी लँथॅनमच्या जागी यिट्रियम घातलं आणि पारा एकदम उणे १८० वर. चूंनी पेपर पाठवला, त्यात सगळीकडे 'यिट्रियम'ऐवजी 'यिटर्बियम' पडलं होतं! छपाईच्या अगदी तोंडावर ते दुरुस्त झालं. टायपिंगची चूक, असं चूंचं म्हणणं. फॉर्म्युला फुटू नये म्हणून मुद्दाम केलं, असं बाकीच्यांचं. गंमत म्हणजे यिटर्बियम घातलं तरी तो पदार्थ सुपरकंडक्टर होतोच. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. एन. आर. राव यांचा गटही त्याच वर्षी या पदार्थामागे लागला होता. १८ मार्च १९८७ ला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात यावर सभा भरली, तर जवळजवळ दोन हजार फिजिक्सवाले लोटले. पहाटे तीन वाजून गेले तरी भाषणं चालूच.

एवढी धावपळ कशासाठी? तर द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. म्हणजे महागड्या हेलियमची कटकट संपली. हवेतून मिळणारा, स्वस्त, कुठेही नेता येणारा नायट्रोजन पुरे.

"कुठेही म्हणजे अगदी गोठ्यातसुद्धा," दादा हसून म्हणाला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मामा!

मामा जिल्हा परिषदेतून पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर त्यांच्या मोटरसायकलला एक पोटुशा कॅन बांधलेला असायचा. त्यातून पांढरी वाफ यायची आणि आम्ही पोरं तिला घाबरून असायचो. त्यात वळूच्या रेतमात्रा असायच्या, गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी. आणि त्या थंड कशात ठेवायच्या? द्रवरूप नायट्रोजनमध्ये. म्हणजे बापलेक दोघंही आयुष्यभर त्याच उणे १९६ वर पोट भरतायत, आणि दोघांनी एकमेकांच्या कामाबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो. सकाळसाठी दूध संघातल्या जुन्या ओळखीने मामांनी नायट्रोजनचा कॅन आणून ठेवला होता. कोपऱ्यात, त्यावर गोणपाट टाकून. मामा सुपारी कातरत म्हणाले, "मग, उद्या पोरांना काय सांगणार तू? मला सांग आधी."

दादा जरा चाचरला. मग म्हणाला, "बाबा, समजा ऑफिसात शंभर जागा आणि शंभर माणसं. सगळ्या जागा भरलेल्या. एका खुर्चीवर दोघांनी बसायचं नाही. बदली कशी होणार?"

"नाहीच होत," मामा म्हणाले. जिल्हा परिषदेच्या माणसाला बदल्यांवर विचारणं म्हणजे सचिनला स्ट्रेट ड्राइव्हवर विचारणं! "कुणीतरी रिटायर झाल्याशिवाय हालचाल नाही."

"तेच!"

या सगळ्या पदार्थांत तांबं आणि ऑक्सिजन यांचे पत्र्यासारखे सपाट थर असतात. वीज त्या थरांतून वाहायची. पण मूळ पदार्थात प्रत्येक तांब्याच्या जागेवर एक इलेक्ट्रॉन, आणि त्यांचं एकमेकांशी इतकं वाकडं की एका जागेवर दोघं मावत नाहीत. सगळे आपापल्या खुर्चीला चिकटलेले. त्यामुळे पदार्थ ठार इन्सुलेटर. वर प्रत्येकाचं तोंड शेजाऱ्याच्या उलट दिशेला, बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखं. (खरं तर त्याचं चुंबकत्व, पण 'तोंड' चालेल, असं दादा म्हणाला.)

"म्हणजे आमचा विभागच की," मामा म्हणाले.

आता लँथॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं की थरातले काही इलेक्ट्रॉन कमी होतात. शंभरातले पाच रिटायर झाले की सुपरकंडक्टिव्हिटी सुरू. सोळाच्या आसपास ती सगळ्यात जोरात. सत्तावीसच्या पुढे खलास, मग तो साधा धातू.

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे नाशिकची जागा रिकामी झाली, तिथे नगरचा गेला, नगरला साताऱ्याचा गेला. माणसं एकेक घर सरकली, पण फिरली ती रिकामी जागा."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. मीही. याच रिकाम्या जागेला फिजिक्समध्ये 'होल' म्हणतात, आणि ते समजायला मला एक्स्प्रेसवे पुरला नव्हता.

बरं, जोड्या इथेही जमतात. पण विसर्जनाच्या मिरवणुकीतल्यासारख्या नाहीत. इथली जोडी म्हणजे एक पुण्यात, एक बंगलोरला. प्रेम घट्ट, पण एका खोलीत दोघं कधीच नाहीत. जुन्या सुपरकंडक्टरमधल्या जोडीला सगळ्या दिशा सारख्या असतात. इथे जोडीच्या लहरीचा आकार चार पाकळ्यांच्या फुलासारखा. दोन पाकळ्या अधिक, दोन उणे, आणि मधोमध शून्य. हे नुसतं कल्पनेतलं नाही. १९९४ मध्ये आयबीएमच्याच अमेरिकेतल्या लॅबमध्ये त्सुएई आणि कर्टली यांनी तीन स्फटिकांचे तुकडे ठरावीक कोनात जुळवून ते जवळपास डोळ्यांनी बघावं तसं दाखवून दिलं.

आता प्रश्न एकच. दूर ढकलणाऱ्यांची ही जोडी जमवतं कोण? मधला मध्यस्थ कोण?

आणि इथे, दोस्तहो, गाडी अडलेली आहे. १९८६ पासून.

अनेकांचा संशय त्या उलट्या तोंडांवर, म्हणजे शेजाऱ्यांमधल्या चुंबकीय ओढीवर आहे. फिलिप अँडरसन हे नोबेलवाले बुजुर्ग तर जानेवारी १९८७ मध्ये बंगलोरच्या एका परिषदेतच या धर्तीची कल्पना मांडून बसले होते. पुढे त्यावर त्यांच्याबरोबर आपल्या जी. बास्करन यांनीही काम केलं. 'जोडी चिकटवणारा डिंक शोधा' असं इतर शास्त्रज्ञ म्हणायचे, त्यावर २००७ मध्ये अँडरसननी एक भन्नाट दाखला दिला. फ्रिजमध्ये आधीच एक मॅमथ आणि एक हत्ती कोंबलेला आहे, वर एखादा उंदीर असला काय आणि नसला काय! मॅमथ म्हणजे इलेक्ट्रॉनचं एकमेकांशी असलेलं ते प्रचंड वाकडं, हत्ती म्हणजे चुंबकीय ओढ, आणि लोक ज्याच्यामागे धावतायत तो डिंक म्हणजे उंदीर. अर्थात, उंदीरच खरा हिरो आहे, असं मानणारेही तितकेच हुशार लोक आहेत. अँडरसन २०२० मध्ये गेले, म्युलर २०२३ च्या जानेवारीत. भांडण मिटलेलं नाही.

कॉम्प्युटरला का नाही विचारत? मी विचारलंच. (हा प्रश्न आमच्या पिढीचा तकिया कलाम आहे.) तर गणित मांडायला सोपं, एका ओळीचं. पण बुद्धिबळाच्या पटाएवढा, ६४ घरांचा तुकडा घ्या. प्रत्येक घराच्या चार शक्यता : रिकामं, एका तोंडाचा एक, दुसऱ्या तोंडाचा एक, किंवा दोघं. एकूण शक्यता होतात साधारण ३४ वर ३७ शून्यं. राजाकडे तांदळाचे दाणे मागणाऱ्याची गोष्ट यापुढे बच्चा आहे. शॉर्टकट आहेत, ते सुधारतायत, पण दोन शॉर्टकटांची उत्तरं दर वेळी जुळतातच असं नाही. वर हा पदार्थ गरम असतानाही सरळ वागत नाही. त्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर पट्टीने आखल्यासारखा सरळ रेषेत वाढतो, जे साध्या धातूच्या हिशोबात बसत नाही. फिजिक्सवाल्यांनी वैतागून त्याला नावच दिलंय, स्ट्रेंज मेटल.

"म्हणजे बारा वर्षं झाली," मामा म्हणाले, "आणि अजून कळलेलं नाही?"

मी श्वास रोखला. हा प्रश्न आमच्या घरात बारा वर्षं पडद्याआड फिरत होता. दादाच्या बरोबरीचे लोक अमेरिकेत, फ्लॅट घेऊन, ईएमआय फेडून मोकळे झाले होते.

"नाही बाबा," दादा म्हणाला. "म्हणजे बरंच कळलंय. पण का, ते नाही."

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गाय माजावर असायची, मात्रा चांगली, वेळ बरोबर, हातही माझाच. तरी कधी कधी गाभ जायची नाही. शेतकरी विचारायचा, का हो साहेब? सुरुवातीला मी काहीतरी सांगायचो. चारा बदला, हे करा, ते करा. मग कळलं, पुढच्या वेळेला तोच माणूस आपल्या तोंडाकडे बघत असतो. तेव्हापासून सांगायला लागलो, नाही माहीत. एकवीस दिवसांनी परत बघू."

कॉपी पाठवून द्यावी आणि परत कधी त्या माणसाच्या दारात जावं लागू नये, अशी माझी नोकरी. मी आपलं बडीशेप शोधायला आत गेले.

सकाळी शाळेत साठेक पोरं. खिडक्या उघड्या, मामांच्या हातात जाड मोजे. दादाने खिशातून डबी काढली. आत शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी काळी चकती, लॅबमध्ये बनवलेली. कृती ऐकाल तर नानकटाईची वाटेल. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड मापात घ्या, खलात घोटा, नऊशेच्या वर भट्टीत भाजा, परत घोटा, दाबून चकती करा आणि ऑक्सिजनमध्ये हळूहळू थंड होऊ द्या. बिघडली तर हिरवी निघते. ऑक्सिजन कमी पडला तर काळीच राहते, पण काम करत नाही.

थर्माकोलच्या वाटीत चकती, वरून नायट्रोजन. धूर, चरचर, पोरांचा 'ओऽऽ'. खळखळ शांत झाल्यावर दादाने चिमट्याने एक इवलासा चुंबक वर सोडला. आणि तो राहिला. हवेत! एलके-९९ सारखा एक पाय टेकवून नाही. अख्खा. बोटाने ढकलला तर गरगर फिरला, पण जागा सोडेना. मग दादाने चकतीच चिमट्यात धरून उचलली, तर चुंबक खाली लोंबकळत तिच्याबरोबर वर आला. मधे फट तशीच. मला वाटलं होतं, व्हिडिओ शंभरदा बघितलाय, नवीन काय दिसणार? पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, मग याच्या तारा का नाही लावत?"

"कपबशीची तार वळवून बघ," दादा म्हणाला. हाच तर लोचा आहे. हे पदार्थ ठिसूळ, आणि एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जाताना करंट अडखळतो. म्हणून धातूच्या पट्टीवर पातळ थर चढवून टेप बनवतात. तसली टेप वापरून २०२१ मध्ये अमेरिकेत एमआयटी आणि एका कंपनीने वीस टेस्लाचा प्रचंड ताकदीचा चुंबक चालवून दाखवला, सूर्यासारखी ऊर्जा बनवायच्या प्रयत्नासाठी. जर्मनीत एसेन शहराच्या मधोमध २०१४ मध्ये अशाच पदार्थाची एक किलोमीटरची केबल घातली होती. पण हॉस्पिटलातल्या एमआरआय मशीनमध्ये अजून मुख्यतः जुनाच, नायोबियम-टायटॅनियमचा सुपरकंडक्टर असतो, हेलियमने थंड केलेला. मुलीने मान डोलावली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

"आणि तो तरंगतो कशामुळे?"

दादाने फळ्यावर चित्र काढून सांगितलं. चुंबकाच्या रेषा, चकतीतल्या बारीकशा दोषांत त्या अडकतात, म्हणून चुंबक जागा सोडत नाही. हे पक्कं माहीत आहे, म्हणाला.

"आणि हे सगळं उणे एकशे ऐंशीलाच का चालू होतं?"

दादाने एकदा मागे बघितलं. मामा भिंतीला टेकून उभे होते, हातात मोजे घेऊन.

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही," दादा म्हणाला.

वर्ग एकदम गप्प. मग मागून कुणीतरी ओरडलं, "सर, पडतोय, पडतोय!" वाटीतला नायट्रोजन आटत आला होता. चुंबक एका बाजूला कलला आणि हळूच चकतीवर टेकला. दादा कॅनकडे वळला, पण मामांनी मोजे चढवले होते. "तू बोल पोरांशी," म्हणाले, आणि झाकण काढून सराईत हाताने, एक थेंब बाहेर न सांडता, वाटी भरायला लागले.